बिनगिलाव्याची खोली

१४ फेब्रुवारी २०१२, लातूर

आज काँक्रीटभोवतीच्या सेंट्रिंगच्या फळ्या उघडल्या. आतून जे घर निघालं ते बघून मी म्हणालो, "छान. आता गिलावा कधी?"

"गिलावा नाही, सर," कहकशां म्हणाली.

"मग नुसती पुट्टी?"

"पुट्टी नाही. रंग नाही. झालं हे."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर फळ्यांच्या शिरा, गाठी, खिळ्यांची टोकं सगळं उमटलेलं. एका ठिकाणी कुणा सेंट्रिंगवाल्याच्या अंगठ्याचा ठसाही आहे. म्हणजे उद्या पाहुणे आले की त्यांना दाखवायचं, हा आमच्या दिवाणखान्यातला अंगठा.

कहकशां ही माझी जुनी विद्यार्थिनी. ज्युनियर कॉलेजात मी तिला दोन वर्षं मराठी शिकवलं, तरी ती आर्किटेक्ट झाली. तिचे वडील निजामोद्दीन मिस्त्री आमचं घर बांधतात आणि आतली सजावट तिच्याकडे. ती म्हणाली, या शैलीला ब्रुटालिस्ट म्हणतात. वस्तू ज्याची बनली ते झाकायचं नाही. बसायला काँक्रीटचा कट्टा, पुस्तकांना काँक्रीटचे कप्पे, निजायलाही काँक्रीटचाच चौथरा, वर गादी. विजेचे पाइप भिंतीवरून उघडे जातील. मी म्हटलं, नावावरून पोलीस खात्याची शैली वाटते. ती हसली नाही. लातूरच्या पोरांना चार पर्याय दिल्याशिवाय हसू येत नाही.

हो म्हणून बसलो. कारण सरळ आहे. समोर शिवलिंग सरांचं घर. फिजिक्सचे क्लासेस, एका बॅचला आठशे पोरं. घराला बाहेर रोमन खांब, आत पीओपीचं छत, त्यात लपवलेले चौसष्ट दिवे. आत बसलं की पेढ्याच्या खोक्यात बसल्यासारखं वाटतं. गेली दहा वर्षं मी माझ्या साप्ताहिक सदरात असल्या घरांची टिंगल करतो. आता मीच पीओपी केलं तर तोंड कुठं लपवू? त्या चौसष्ट दिव्यांमागं?

१७ फेब्रुवारी

हे घर कशासाठी? लोकांना सांगतो, पुस्तकांना जागा पुरत नव्हती. खरं कारण इथं लिहून ठेवतो, कारण ही वही कोणी वाचत नाही. सदरही फारसं कोणी वाचत नाही, पण तिथं छापलेलं असतं.

कुशावर्ता घरात झोपत नाही.

आमच्या भाड्याच्या घरापुढं पत्र्याचा व्हरांडा आहे. लग्नाला मे महिन्यात वीस वर्षं होतील. त्यातली जवळजवळ एकोणीस ती त्या पत्र्याखाली झोपली. थंडीत दोन गोधड्या घेते, पावसात खाट भिंतीपासून लांब ओढते. मला वाटलं माझ्या घोरण्यामुळं. २००३ साली नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. घोरणं गेलं, बायको आत आली नाही. मग वाटलं उकाडा. कूलर घेतला. कूलर आत, ती बाहेर.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दोन-तीन वर्षं अख्खं लातूर बाहेर झोपायचं, मीही झोपलो. ते कधीच संपलं. लोकांनी त्याच जमिनीवर पाच-पाच मजले चढवले आणि वरच्या खोल्यांत खाटेला खाट लावून पोरं ठेवली. एकोणीस वर्षं कोणी घाबरत नसतं. म्हणजे कारण दुसरंच असणार, आणि ते बहुधा मी.

तिचं माहेर त्या भूकंपात गेलं. अण्णा, आई, धाकटा भाऊ. ती गणपतीला म्हणून गेली होती. दुपारी बाराला लोकांनी तिला ढिगाऱ्यातून काढलं. त्याबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

प्लॉट घेतला तेव्हा तिच्या दोनच अटी. मिस्त्री निजामभाईच पाहिजे, तो तिच्या माहेरचा मिस्त्री. आणि भिंती विटांच्या नकोत, सगळ्या सिमेंट-सळईच्या ओतीव.

"मग झोपशील ना आत?" मी विचारलं.

"बघू की. भिंती बघून सांगते."

म्हणजे रंग पसंत पडला तर, असं मी धरून चाललो होतो. आता रंगच नाही. कसं व्हायचं?

२१ फेब्रुवारी

शिवलिंग सर घर बघायला आले. सगळ्या खोल्या हिंडले. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सर, काही अडचण आहे का? सांगायचं की राव. शेजारी कशाला असतो?"

"अडचण नाही. ही शैली आहे. परदेशात मोठमोठी ग्रंथालयं, विद्यापीठं अशी आहेत."

"हाव हाव," ते म्हणाले. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं. "पण मग काम पूर्ण कधी व्हायचंय?"

"पूर्णच झालंय."

ते दारात चप्पल घालताना कुशाला म्हणाले, "वहिनी, धीर धरा."

कुशा पदर तोंडाला लावून हसली. बऱ्याच दिवसांनी. मला कळलं नाही की ती शिवलिंग सरांना हसली का मला.

२४ फेब्रुवारी

कुशा रोज अकराला डबा घेऊन नव्या घरी येते. डबा ठेवते आणि भिंती वाजवत फिरते. हातात कपाटाची किल्ली. टक, टक, कान लावते, पुढं जाते. डॉक्टर बरगड्या वाजवतात तसं. मी समजतो तिला घर आवडलेलं नाही. आवडलेली वस्तू कोणी असं ठोकून बघत नाही.

आज तिनं खडू आणला आणि निजायच्या खोलीत भिंतीवर छोटे छोटे गोल काढले. मी मोजले, अकरा. फोटो टांगायच्या जागा असणार. पण अकरा फोटो कुणाचे? देव धरले तरी पाच होतात. शिवाय एक गोल जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिथं कोणता देव लावतात?

दुपारी कहकशां आली. दोघी एकेका गोलापाशी उकिडव्या बसल्या. कहकशां नख लावून काहीतरी दाखवत होती. "ही वरवरची आहे, काकू. सिमेंट वाळताना येते. केसाएवढी. आत जात नाही."

"आन् ही?"

"ही पण तशीच. ही बघा, इथंच संपली."

कुशा पदराच्या टोकानं एकेक गोल पुसत गेली. अकराचे अकरा. म्हणजे एकही फोटो लावायचा नाही असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. नंतर तिनं विचारलं ते खांबाचं. "ह्याच्यात सळई किती हाय?" कहकशांनं नकाशा उलगडला आणि माझी बायको, जिला मी कधी वर्तमानपत्राचं पुरवणीपान वाचतानाही पाहिलं नाही, ती नकाशावर बोट ठेवून सळया मोजत बसली.

मला आता माझ्याच घरात मीच पाहुणा वाटतो.

२७ फेब्रुवारी

निजामभाईंची अवस्था माझ्यापेक्षा वाईट आहे. लातूर, रेणापूर, औसा, जिथं जातील तिथं गिलाव्याचा उस्ताद म्हणून नाव. त्यांनी घोटलेल्या भिंतीवर दिवा धरला तर एकही सावली पडत नाही म्हणतात. आज मी बघितलं, ते रिकाम्या खोलीत उभे राहून कोरड्या थापीनं नुसतीच भिंत घासत होते.

"काय करून राहिलात, निजामभाई?"

"काही न्हाई, सर. हात खाजून राहिला." थापी खिशात गेली. "परवा मशिदीपुढं लोक विचारत होते, निजाम, म्हातारा झाला का? सरांचं घर उघडंच सोडलं म्हणं? म्या म्हणलं, पोरीची डिझाइन हाय. ते म्हणले, मग पोरीला पुन्हा शाळेत घाला."

"तुम्हाला आवडतं का हे?"

"ताईला आवडतं का?" त्यांनी उलट मलाच विचारलं. कुशाला ते ताई म्हणतात, पण तिच्याकडे बघून बोलत नाहीत. ती आली की काम काढून दुसऱ्या खोलीत जातात. सहा महिने हेच चाललं आहे. तिनं हट्ट धरून आणलेला मिस्त्री आणि तिच्याच सावलीला भितो. काही कळत नाही.

५ मार्च, नांदेड

बारावीच्या परीक्षेच्या भरारी पथकात नेमणूक झाली. आठ दिवस नांदेडला लॉजवर. पथकाची जीप उतारावरच भरारी घेते. आज नायगावच्या केंद्रावर पोचलो तोवर पेपर सुटला होता, तरी आम्ही शिस्तीत दोन बाकं तपासली.

लॉजची खोली गुलाबी. गुळगुळीत, चकचकीत. पलंगावर पडलो आणि कबूल करून टाकतो, बरं वाटलं. भिंत कशी असावी? डोळ्यांना काही विचारू नये अशी असावी.

मग डोक्यात आलं. कुशा बिचारी भिडेखातर गप्प आहे. नवऱ्याचा हट्ट आणि कहकशांचं शिक्षण, यांच्यामध्ये ती काय बोलणार? म्हणून भिंती ठोकते, म्हणून फोटोंच्या जागा काढून पुसते. बाकी घर राहू दे उघडं, निदान निजायची खोली तिच्या मनासारखी करावी. कहकशां पंधरा तारखेपर्यंत हैदराबादला. पाडव्याला, तेवीसला, गृहप्रवेश. वेळ हाच.

निजामभाईंना फोन लावला. "तेवढ्या एका खोलीला गिलावा करा. गुळगुळीत. वर गुलाबी रंग."

"ताईनं सांगितलं का?"

"हो," मी म्हणालो. एवढं खोटं तर सदरातही लिहितो.

"सर, खरंच ताईनं सांगितलं? सोताच्या तोंडानं?"

"हो हो. तिचीच इच्छा आहे."

"गुलाबी म्हणल्या?"

"गुलाबीच."

नंतर नाक ओढल्याचा आवाज आला. गिलाव्याची ऑर्डर मिळाल्यावर गहिवरणारा मिस्त्री मी पहिल्यांदाच ऐकला. कुशाला फोन करून सांगितलं, फरशी घासायचं काम चालू आहे, आठवडाभर तिकडं जाऊ नकोस.

१२ मार्च, लातूर

सकाळी लातूरला उतरलो, आंघोळ केली आणि कुशाला घेऊन थेट नव्या घरी गेलो. निजामभाई नवा सदरा घालून दारात उभे. आज पहिल्यांदा ते तिच्याकडे बघून बोलले. "या ताई. बघा. पोटच्या पोरीच्या घराला केला नसता असा केलाय."

खरोखर केला होता. खोली अशी की हात लावायला संकोच वाटावा. कोपरे सुरीनं कापल्यासारखे. गुलाबी रंग ओठांवर असतो तितकाच. मी कुशाच्या तोंडाकडं बघत होतो, आनंद कुठून उगवतो ते पकडायला.

ती उंबऱ्यावरच थांबली. किल्ली काढली, हात लांब करून दाराजवळ एकदा वाजवलं. ऐकलं.

"आता आतलं काय कळायचं?" ती म्हणाली.

"आतलं आहे तसंच आहे, अगं. वरून फक्त..."

"कुणी सांगितलं हे?"

निजामभाईंनी माझ्याकडं बघितलं. तिनं ते बघितलं. मग कोणीच काही सांगायची गरज राहिली नाही.

ती ओरडली असती तर मला जमलं असतं, उत्तर द्यायची मला सवय आहे. ती फक्त म्हणाली, "तुम्ही राहा इथं. मी पत्र्याखाली बरी आहे." आणि चालत निघाली. डबा आणला होता तो कट्ट्यावर तसाच.

निजामभाई खोलीच्या मधोमध बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी म्हणालो, "चूक माझी आहे. पण एवढं काय झालं तेच मला कळत नाही."

ते बोलत गेले. मी जसं ऐकलं तसं लिहितो.

"तुमचं लग्न ठरलं त्या साली अण्णांच्या घराला म्याच गिलावा केला, सर. भिंत काय होती? दोन-दोन हात रुंद, गोटा दगड आन् मधी माती. वरून म्या इंचभर सिमेंट मारलं. त्याच्यावर दोरी लावून विटांच्या रेघा वढल्या. गुलाबी रंग दिला. बघणारे म्हणायचे, अण्णानं आरसीसीचं घर बांधलं. मला लई गुदगुल्या व्हायच्या. मग त्याच साली पावसाळ्यात जमीन गुरगुरायला लागली. सगळं गाव बाहेर झोपायचं. अण्णा म्हणायचे, आमचं घर पक्कं हाय. शेजारचे पण आत येऊन झोपायचे, पक्कं घर म्हणून. दुसऱ्या साली त्या रातीला पण आत होते. म्या गेलतो काढायला. माझा गिलावा ओळखू येत होता, सर. एवढे एवढे गुलाबी तुकडे."

समोर क्लासची घंटा झाली. आठशे पोरं रस्त्यावर सांडली. ती सरेपर्यंत आम्ही बसून राहिलो.

"ह्या घराच्या येळेस ताई म्हणल्या, भाई, बांधायचं तुम्हीच. पण झाकायचं न्हाई. नांदेडहून तुमचा फोन आला, मला वाटलं ताईनं माफ केलं."

मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं, "अण्णांना त्या वेळी गिलावा करायचं सुचलं कसं?"

"वरपक्षाकडून सांगावा आलता म्हणं. मातीच्या घरापुढं वरात कशी न्यायची म्हणून. कोण आलतं ते मला ठाऊक न्हाई."

मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांचा सांगावा होता. बारा किलोमीटर सायकल मारत मी गेलो होतो. ठरलेली मुलगी पुन्हा एकदा दिसेल म्हणून, हौसेनं.

१३ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. सदराचा मजकूर पाठवला नाही. संपादकांचा फोन आला नाही, म्हणजे त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

१४ मार्च

सकाळी कहकशांला हैदराबादला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती रागावेल अशी तयारी ठेवली होती.

ती म्हणाली, "सर, भिंती उघड्या ठेवायचं काकूंनीच सांगितलं होतं. प्लॉट घेतला त्याच महिन्यात आल्या होत्या माझ्याकडे."

"मग ते ब्रुटालिस्ट?"

"शैली खरी आहे. मला आवडतेही. पण काकू म्हणाल्या, ह्यांना मी सांगितलं तर कारण विचारतील. पुस्तकातलं काहीतरी सांग, लगेच हो म्हणतील."

दहा वर्षं मी लोकांची टिंगल करतो आणि माझ्याच घरात मला इतकं सरळ ओळखणारं माणूस पत्र्याखाली झोपतं.

"मग आता?"

"काढून टाका. मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते. अब्बांना सांगा, गिलावा धरावा म्हणून मारलेले छिन्नीचे टाचे दिसले तरी चालतील."

१५ मार्च

सातलाच निजामभाईंकडं गेलो. काही बोलायच्या आत त्यांनी दोन छिन्न्या आणि दोन हातोडे पिशवीत टाकले. दुसरी छिन्नी कुणासाठी, हे ते बोलले नाहीत.

आठपासून लागलो. मला हातोडा धरता येत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत अंगठ्यानं सिद्ध केलं. गिलावा इतका पक्का बसलेला की सुटता सुटेना. निजामभाई प्रत्येक ढलपीला स्वतःलाच शिव्या घालत होते. "काय हात हाय रं तुझा, निजाम. काय हात हाय." गिलावा धरून बसावा म्हणून आधी त्यांनी काँक्रीटला टाचे मारले होते, त्यामुळं खालून भिंत निघाली ती अंगभर देवी आल्यासारखी. खोलीत सगळीकडे गुलाबी चुरा.

अकराला कुशा आली. त्या दिवशीचा डबा न्यायला आली असं म्हणाली, पण हातात ताजा डबा होता. दारात थांबली, आमच्याकडं बघितलं. दोन पांढरे झालेले म्हातारे, एक पन्नाशीचा, एक साठीचा. आत आली, उघड्या झालेल्या तुकड्यावर तळहात ठेवला.

"हळू मारा," ती म्हणाली. "कोपऱ्याच्या खांबाला लागू देऊ नका."

मी छिन्नी खाली ठेवली. काल दिवसभर तयार केलेली चार वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "कुशा, गिलाव्याचा सांगावा घेऊन सायकलवर मीच आलो होतो."

"मग? मीच तर पाणी दिलतं की. दोनदा मागितलं तुम्ही."

"तुला माहीत होतं?"

"माजघरातून सगळं ऐकू येतंय."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं काय विचारलं?" तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "आन् तुमच्या सांगण्यानं काही झालं न्हाई. अण्णालाच लई हौस होती. गावात कुणाचं नसेल असं घर पाहिजे होतं त्यास्नी." मग निजामभाईंकडं वळून, "भाई, ऐकलं का? अण्णालाच हौस होती."

निजामभाईंनी मान खाली घालून हो म्हटलं. हे खरं आहे, का आम्हा दोघांना बरं वाटावं म्हणून तिनं बनवलं, मला कळलेलं नाही. कधी कळेल असंही वाटत नाही.

आम्ही पुन्हा लागलो. ती काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसून बघत होती. बाराच्या सुमारास एक अख्खी भिंत मोकळी झाली. ती उठली, किल्लीनं खालपासून हात पोचेल तिथपर्यंत वाजवून आली आणि परत बसली. ताजा डबा उघडून आम्हाला वाढलं. स्वतः दोन घास खाल्ले. "जरा पाठ टेकते," म्हणाली. गादी अजून आलेली नाही. डब्याची पिशवी उशाला घेतली आणि तोंड त्या मोकळ्या भिंतीकडं करून पडली.

निजामभाईंनी हातोडा उचलला होता. मी हात वर केला. आम्ही दोघं श्वास धरून ऐकत राहिलो. मग त्यांनी हातोडा असा खाली ठेवला की जणू तो काचेचा आहे, आणि पायातल्या चपला हातात घेऊन बाहेर आले. मीही.

दीड वाजल्यापासून पायरीवर बसलो आहोत. क्लासच्या दोन घंटा झाल्या. दोन्ही वेळा आठशे पोरं ओरडत गेली, ती हलली नाही. भाजीवाल्याला मी रस्त्याच्या मध्येच जाऊन अडवलं. शिवलिंग सरांनी गॅलरीतून हाक मारून विचारलं, "सर, तोडफोड का थांबली? पुन्हा विचार बदलला काय?" मी दोन्ही हात जोडले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, आत निघून गेले.

साडेतीनला कहकशां बॅग घेऊन थेट स्टँडवरून आली. आम्हाला असं बसलेलं बघून घाबरली. "काय झालं, अब्बा?" निजामभाईंनी तोंडावर बोट ठेवलं. तिनं खिडकीतून डोकावून पाहिलं, बॅग आवाज न करता खाली ठेवली आणि बापाशेजारी बसली.

पाच वाजत आले. चहाची वेळ झाली, स्टोव्ह आत आहे आणि आत जायला कोणी तयार नाही. पाडव्यापर्यंत उरलेल्या तीन भिंती कधी मोकळ्या करायच्या हाही प्रश्न आहे, कारण हातोडा मारल्याशिवाय त्या होत नाहीत. निजामभाई कुजबुजत म्हणाले, "उठवू का?" कहकशांनं नाही म्हणून मान हलवली. ही वही पिशवीत होती म्हणून गुडघ्यावर ठेवून लिहितो आहे. आम्ही तिघं बाहेर बसलो आहोत, आणि ती आत झोपली आहे.